पूर्व नागपुरातली हवा मोजायला लावायची कशी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही वाठोड्याकडे राहतो. आईला जुना दमा. दिवाळी आटोपली की तिचा पंप उशाशी येतो तो शिमग्यापर्यंत तिथेच. त्यात यंदा गल्लीत सिमेंट रस्त्याचं काम निघालंय. खोदलेली माती, फोडलेल्या नालीचा मलबा, सगळं कडेला उघडंच. टिप्पर गेला की समोरचं घर दिसत नाही, आणि दारातल्या तुळशीच्या पानांवर बोटाने रेघ ओढता येते. संध्याकाळी कोपऱ्यावर झाडलेला कचरा पेटवतात त्याचा धूर वेगळाच. थंडीत तो वर जात नाही, गल्लीतच बसून राहतो.

मोबाइलवर हवेची गुणवत्ता दाखवणारं 'समीर' ॲप उघडलं की नागपूरची हवा 'मध्यम'. त्यात आपल्या शहराची सतत मोजणी करणारी केंद्रं बघितली तर जीपीओसमोरचं सिव्हिल लाइन्स, रामनगर, अंबाझरी आणि महाल. भांडेवाडीचं डंपिंग यार्ड आमच्या अंगाला लागून, मालट्रकांची वर्दळ पारडी-कळमन्याकडे, आणि केंद्रं मात्र तिकडे! ज्या शहरात १९५८ पासून नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे तिथे अर्ध्या गावाची हवा अंदाजाने सांगावी, हे मला पटत नाही.

नागपूर २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे, मनपाचा आराखडाही आहे. २०१७-१८ च्या तुलनेत पीएम १० म्हणजे धूलिकण २०२५-२६ पर्यंत ४० टक्क्यांनी कमी करायचे, असं उद्दिष्ट. दहा लाखांवरच्या शहरांना १५ व्या वित्त आयोगातून यासाठी पैसाही ठेवला होता. रस्ते झाडायच्या गाड्या, पाण्याचे फवारे, मलब्याची विल्हेवाट अशी कामं त्यातून व्हायची. पण ती गाडी कुठल्या झोनमध्ये कुठल्या रस्त्यावर फिरते, हे मागायचं कोणाकडे? नवं केंद्र कुठे बसवायचं ते मनपा ठरवते की प्रदूषण नियंत्रण मंडळ? आणि चार घरांनी मिळून छोटं यंत्र विकत घेतलं तर त्याचे आकडे कोणी मानेल का?

जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद – निंबाचा_पार

दादा, आधी ॲपचं सांगतो. त्यात 'मध्यम' दाखवतो तो हवेचा निर्देशांक २४ तासांच्या सरासरीवर निघतो. तुमच्याकडचा कचरा केंद्राशेजारी दोन तास पेटला तरी ते दोन तास त्या सरासरीत विरघळून जातील. म्हणून नुसता निर्देशांक घेऊन भांडू नका, पीएम १० चा आकडा बघा. दिवसाची मर्यादा १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, वर्षाची ६०.

ती चारही केंद्रं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची आहेत, तेव्हा नव्या केंद्राचा अर्ज मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात द्या. धूळ, मलबा, कचरा जाळणं हे मनपाकडे. झोन ऑफिसला लेखी तक्रार द्या, फोटोवर तारीख-वेळ दिसू द्या, आणि आवकचा शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. झाडणाऱ्या गाडीचं मात्र माहिती अधिकारातच मागा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. 'काय उपाययोजना केल्या' असं मोघम विचारलंत तर मोघमच उत्तर येईल. आमच्या प्रभागातल्या गेल्या तीन महिन्यांच्या लॉगबुकची प्रत द्या, असं लिहा.

छोटं यंत्र घ्या, पण धुक्याच्या सकाळी ते जास्त दाखवतं. पुरावा म्हणून चालणार नाही. धूळ कोणत्या वेळी चढते ते त्यावरून कळेल, तेवढं अर्जात लिहायला पुरे.

आईंना काम चालू असताना दारं-खिडक्या बंद ठेवायला सांगा.

धागाकर्ता

खूप आभार, दादा. लॉगबुकचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. सोमवारी झोन ऑफिसला जातो. मंडळाच्या अर्जावर गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घेऊ की मी एकट्यानेच द्यावा? कोणी असा अर्ज केला असेल तर नमुना इथे टाका.