मदत हवी आहे : अण्णांना साखर निघाली, द्राक्षं बंद करून ग्रीन टी सुरू केलाय. बरोबर आहे का?

नमस्कार मंडळी,

आम्ही जालना तालुक्यातले. दोन एकर थॉमसन द्राक्षांची बाग आहे, सध्या तोडणी चालू आहे. गेल्या महिन्यात वडिलांना, म्हणजे अण्णांना, साखर निघाली. वय ५८, एचबीएवनसी (म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ७.८. गोळ्या सुरू झाल्यात. पुण्याहून ताई आली ती ग्रीन टीचा डबा घेऊनच. आल्या आल्या तिनं सांगितलं, द्राक्ष तोंडाला लावायचं नाही, त्याऐवजी दिवसातून चार कप हे प्यायचं.

तिनं मोबाईलवर एक तक्ता दाखवला. १०० ग्रॅम द्राक्षात ६९ कॅलरी, १८ ग्रॅम कर्बोदकं, त्यातली साडेपंधरा ग्रॅमच्या आसपास नुसती साखर. शेजारच्या रकान्यात १०० मिली ग्रीन टी : १ कॅलरी, साखर शून्य. अण्णा काहीच बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी बागेत गेले तेव्हा मजुरांच्या मागं मागं हात पाठीशी बांधून फिरत होते. मळणीच्या बैलाला मुसकं घालावं तसं वाटलं मला ते. एप्रिलच्या खरड छाटणीपासून ज्यानं एकेक घड सांभाळला त्यानं एक मणीही चाखायचा नाही?

मला विचारायचंय ते हे, की या दोन गोष्टींची अशी तुलना होते का? एक फळ आहे, एक पाल्याचं पाणी. अण्णांना थोडी द्राक्षं चालतील का, आणि थोडी म्हणजे किती? मागं राहिलेल्या मालाचे घरापुरते बेदाणे करतो, ते चालतील का?

आणखी एक. अण्णांना सोबत म्हणून आईसुद्धा जेवण झालं की लगेच ग्रीन टी घ्यायला लागली. तिचं हिमोग्लोबिन ९ आहे, रक्तवाढीची गोळी चालू आहे. तिला त्रास तर नाही ना होणार?

प्रतिसाद (लातूर, आहार सल्ल्याचं काम करते)

आधी आईंचं, कारण ते आजच थांबवायला हवं. जेवणानंतर लगेच चहा नको, ग्रीन टीही नको. भाकरी, पालेभाजी, डाळ यातलं लोह चहातल्या टॅनिनमुळं नीट शोषलं जात नाही. गोळीचंही तेच. जेवण आणि गोळी यांपासून निदान एक तास, जमलं तर दोन तास चहा लांब ठेवा. गोळी लिंबूपाण्यासोबत घेतली तर उलट फायदाच होतो.

आता तक्त्याचं. आकडे खरे आहेत, पण ग्रीन टीच्या रकान्यात सगळं शून्य दिसणारच, कारण ते जवळजवळ पाणीच असतं. साखर नाही तसा चोथा नाही, पोटॅशियमही नावापुरतं. त्यात असतं काय, तर कॅटेचिन नावाची द्रव्यं आणि कपामागं साधारण ३० मिलिग्रॅम कॅफीन. १०० ग्रॅम द्राक्षात १९० मिलिग्रॅम पोटॅशियम आहे, थोडं के आणि सी जीवनसत्त्व आहे, चोथा मात्र एक ग्रॅमही नाही. म्हणून द्राक्ष पेरूसारखं मोकळ्या हातानं खाण्याचं फळ नाही.

ग्रीन टीची तुलना करायचीच तर अण्णांच्या रोजच्या चहाशी करा. ते दुधाचा चहा किती वेळा घेतात, साखर किती? चार कप आणि कपाला दोन चमचे धरले तर तीसेक ग्रॅम साखर तिथंच जाते. ते कप सुटले तर खरा फरक पडेल. ग्रीन टीत मध घातला तर मात्र सगळं मुसळ केरात, मधही साखरच आहे. उकळत्या पाण्यात पाला टाकू नका, कडू होतो. पाणी जरा निवू द्या, मग दोन-तीन मिनिटं ठेवा.

द्राक्षं १२ ते १५ मणी, सकाळी दहा-अकराला, मूठभर शेंगदाण्यांसोबत. भाकरी-भातावर नकोत. रस तर अजिबात नको. बेदाण्यात १०० ग्रॅमला जवळपास ६० ग्रॅम साखर असते, ते सध्या डब्यातच राहू द्या. आणि हे सगळं तुमच्या डॉक्टरांच्या कानावर घालून.

प्रतिसाद (तुळजापूर तालुका, बागायतदार)

दादा, तुमच्याकडं ब्रिक्स मीटर असेलच की. व्यापारी १८ ब्रिक्स मागतो म्हणजे काय मागतो? १०० ग्रॅम रसात १८ ग्रॅम विरघळलेला ऐवज, आणि पिकल्या द्राक्षात तो बहुतेक साखरच. तक्त्यातलं द्राक्ष कुठलं कोण जाणे, तुमच्या बागेतलं मीटरवर बघा. माझ्या वडिलांनाही साखर आहे. त्यांना मी बाजारात जाणाऱ्या पूर्ण पिकलेल्या मालातलं देतो, पण मोजून. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत सोडायचे दिवस पाळलेत ना तेवढं बघा, आणि मिठाच्या पाण्यात धुऊन घ्या.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आईची वेळ बदलली. आता गोळी दुपारी जेवणासोबत लिंबू पिळून आणि चहा चार वाजता.

अण्णांचा चहा मोजला. घरातले चार कप आम्हाला माहीत होते, बागेत मजुरांसोबतचे दोन कुणी धरलेच नव्हते. सहा कप, गोड. ते आता बिनसाखरेचे झालेत, त्यातले दोन ग्रीन टीचे.

काल सकाळी मीटरवर आमचा माल १९ आला. पंधरा मणी काट्यावर ठेवले, ६८ ग्रॅम भरले. म्हणजे साखर १२-१३ ग्रॅम. खाण्याआधी अण्णांची साखर १२४ होती, दोन तासांनी १५८. डॉक्टरांना फोनवर सांगितलं, ते म्हणाले, एवढ्यावर थांबत असतील तर खाऊ द्या, दर दोन-तीन दिवसांनी मोजत राहा. ताईलाही हे आकडे पाठवलेत. आज सकाळी अण्णांनी स्वतः कात्रीनं एक छोटा घड उतरवला, पंधरा मणी मोजून घेतले आणि उरलेला क्रेटमध्ये ठेवला.

तीन महिन्यांनी पुन्हा एचबीएवनसी करायचंय, आकडा इथंच टाकीन.