शब्दचर्चा : ‘समरूपता-उकल’ या संज्ञेचा अर्थ आणि वापर

प्रश्न

द्रायुयामिकी (द्रव व वायू यांच्या गतीचे शास्त्र) आणि विसरण (पदार्थाचे आपोआप पसरत जाणे) या दोन्ही विषयांत आंशिक अवकल समीकरणांच्या एका विशिष्ट प्रकारच्या उकलीला ‘सिमिलॅरिटी सोल्यूशन’ म्हणतात. मराठीत लिहिताना तिच्यासाठी ‘समरूप उकल’, ‘सादृश्य उकल’ आणि ‘सममित उकल’ असे तीन पर्याय सुचतात. यांपैकी नेमका कोणता घ्यावा? शिवाय ‘समरूप’ म्हटले की भूमितीतले समरूप त्रिकोण डोळ्यांसमोर येतात. तेथे दोन आकृत्या असतात. येथे तर उकल एकच आहे. मग ती समरूप आहे ती कशाशी?

प्रतिसाद

प्रश्नाचा शेवटचा भाग आधी सोडवला, तर पहिला भाग बराचसा आपोआप सुटतो. ही उकल दुसऱ्या एखाद्या उकलीसारखी आहे, असे या संज्ञेतून सांगायचे नसते. एकाच उकलीची वेगवेगळ्या क्षणांची किंवा वेगवेगळ्या ठिकाणांची चित्रे परस्परांशी समरूप आहेत, असे सांगायचे असते.

स्थिर पाण्याचा एक लांब स्तंभ घेऊ. त्याच्या एका टोकाशी विद्राव्य पदार्थाची संहती (ठरावीक घनफळातले त्याचे प्रमाण) कायम राखली आहे आणि आरंभी उरलेल्या स्तंभात तो पदार्थ मुळीच नाही. पुढे तो आत पसरत जातो, आणि कोणत्याही ठिकाणची संहती टोकापासूनचे अंतर व काळ या दोन चलांवर अवलंबून राहते. मात्र प्रत्येक क्षणाचा संहतीचा आलेख अंतराच्या अक्षावर काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आकसून घेतला, तर सगळे आलेख एकाच वक्रावर बसतात. याचा अर्थ, संहती अंतर आणि काळ यांवर स्वतंत्रपणे अवलंबून नसून, विसरणांक (पदार्थ किती झपाट्याने पसरतो ते सांगणारी राशी) व काळ यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने अंतराला भागले असता जे मितिहीन चल मिळते, त्या एकाच चलावर अवलंबून आहे. त्याला ‘समरूपता-चल’ म्हणता येईल. ते वापरताच दोन चलांचे आंशिक अवकल समीकरण एका चलाचे सामान्य अवकल समीकरण होते, आणि या पद्धतीचे सारे बळ तेथेच आहे.

या वर्गमुळाचा परिणाम आकड्यांत पाहण्यासारखा आहे. पाण्यातील लहान रेणूंसाठी विसरणांक साधारणपणे दर सेकंदाला चौरस मीटरचा एक अब्जांश भाग इतका असतो. त्यावरून पसरण्याचे प्रातिनिधिक अंतर एका सेकंदात सुमारे ०.०३ मिलिमीटर आणि संपूर्ण दिवसात जेमतेम ९ मिलिमीटर येते. अंतर दुप्पट व्हायला काळ चौपट लागतो, हे विधान म्हणजे समरूपता-चलाचेच दुसरे रूप होय.

बोल्ट्झमन यांनी १८९४ मध्ये दाखवले की विसरणांक स्वतः संहतीनुसार बदलत असला, तरी हेच चल चालते. समीकरण अरेषीय झाले तरी त्याचे एका चलात रूपांतर होतेच. मातानो यांनी १९३३ मध्ये हीच वाट उलट दिशेने वापरली आणि धातूंमधील मोजलेल्या संहतीच्या वक्रावरून विसरणांक काढण्याची रीत दिली. बोल्ट्झमन–मातानो या जोडनावाने ती आजही वापरात आहे.

आता शब्दाकडे येतो. ‘समरूप उकल’ असे लिहिले की ‘समरूप’ हे उकलीचे विशेषण होते, आणि प्रश्नकर्त्यांना पडलेला ‘कशाशी?’ हा प्रश्न प्रत्येक वाचकाला पडतो. ‘समरूपता-उकल’ हा समास तो प्रश्न उद्भवू देत नाही, कारण समरूपतेवर आधारलेली उकल असाच त्याचा विग्रह होतो. म्हणून मी तोच शब्द सुचवतो. ‘सादृश्य’ हा शब्द उष्णतावहन आणि विसरण यांची समीकरणे सारख्याच रूपाची असतात तशा नात्यासाठी राखून ठेवावा. ‘सममित उकल’ तर मुळीच नको, कारण सममित वक्र म्हणजे मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना सारखा दिसणारा वक्र, आणि वर वर्णिलेला वक्र तसा नाही. हेही खरे की सममितीचा येथे सखोल संबंध आहे. अंतर आणि काळ यांची मापे योग्य प्रमाणात बदलली तरी समीकरण व अटी बदलत नाहीत, ही एक सममितीच आहे, आणि सोफुस ली यांच्या गटांच्या सिद्धांतातून समरूपता-उकली शोधण्याची पद्धतशीर रीत मिळते. परंतु सममिती हे कारण आहे आणि समरूपता हे फलित. दोहोंना एकच शब्द दिला तर हे नाते सांगणारे वाक्यच लिहिता येणार नाही.

प्रतिसाद

विवेचन पटले, पण एक आक्षेप उरतो. भूमितीत समरूप आकृत्यांच्या सर्व बाजू एकाच प्रमाणात बदलतात आणि कोन कायम राहतात. वरच्या उदाहरणात आलेख फक्त आडव्या अक्षावर ताणला जातो, उभ्या अक्षावर नाही. त्यामुळे त्याचा चढउतार बदलतो. काटेकोर अर्थाने हे आलेख समरूप नाहीतच.

प्रतिसाद

आक्षेप रास्त आहे, आणि संज्ञेच्या व्याख्येत त्याची नोंद हवी. येथे ‘समरूप’चा अर्थ भूमितीपेक्षा सैल केलेला आहे: प्रत्येक अक्षासाठी वेगळे प्रमाण चालते, पण त्या अक्षावर सर्वत्र ते एकच असावे लागते. एका बिंदूशी ठेवलेला ठरावीक पदार्थ एका मितीत पसरतो, तेव्हा वक्राची रुंदी काळाच्या वर्गमुळाने वाढते आणि उंची त्याच वर्गमुळाने घटते, कारण एकूण पदार्थ तितकाच राहायचा असतो. दोन अक्षांवर दोन प्रमाणे, तरीही घंटेचा आकार तोच राहतो.

प्रवाहातले सर्वांत गाजलेले उदाहरण ब्लासियस यांचे, १९०८ सालचे. प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये सीमास्तराची कल्पना मांडली होती. सपाट पट्टीवरून एकसारखा प्रवाह जात असताना पट्टीलगतच्या पातळ थरात वेग शून्यापासून बाहेरच्या वेगापर्यंत चढतो. हा थर पुढच्या कडेपासून अंतराच्या वर्गमुळाने जाड होत जातो, आणि प्रत्येक ठिकाणी वेगाचा आलेख त्या जाडीने भागून घेतला की एकच वक्र मिळतो. येथे समरूपता क्षणाक्षणांची नसून ठिकाणाठिकाणांची आहे. दोन आंशिक समीकरणांच्या जागी तिसऱ्या कोटीचे एकच अरेषीय सामान्य समीकरण येते. ते संख्यात्मक रीतीने सोडवले असता पट्टीवरील घर्षण ठरवणारा ०.३३२ हा अंक निघतो. सेकंदाला १० मीटर वेगाच्या हवेत, कडेपासून २५ सेंटिमीटरवर या थराची जाडी सुमारे ३ मिलिमीटर असते, आणि त्याच्या चौथाई अंतरावर तिच्या निम्मी.

हे का घडते, ते समजले की संज्ञा पक्की होते. गणितात ही पट्टी पुढच्या कडेपासून अनंत लांब मानलेली असते, म्हणून प्रश्नात लांबीचे कोणतेच ठरावीक माप दिलेले नसते. उभ्या अंतराची तुलना कशाशी करायची, हे आडवे अंतर, वेग आणि श्यानता (द्रायूचा चिकटपणा) यांनाच मिळून ठरवावे लागते.

प्रतिसाद

वापराविषयी दोन गोष्टी सुचवतो.

द्रायुयामिकीत ‘समरूपता’ हा शब्द आणखी एका अर्थी येतो. लहान प्रतिकृतीवर चाचणी करून मोठ्या वस्तूबद्दल निष्कर्ष काढताना दोन्हींचे आकार समरूप आणि रेनॉल्ड्स अंक (प्रवाहातील जडत्व आणि श्यानता यांच्या प्रभावांचे गुणोत्तर) समान असावे लागतात. त्याला ‘गतिकीय समरूपता’ म्हणावे. तेथे खरोखरच दोन प्रवाह असतात, समरूपता-उकलीत प्रवाह एकच असतो. एकाच लेखात दोन्ही अर्थ येत असतील, तर उकलीसाठी ‘स्वसमरूप’ हा शब्द अधिक सुरक्षित ठरतो: ‘प्रवाह स्वसमरूप आहे’, ‘स्वसमरूप उकल’. ‘स्व’मुळे कशाशी हा प्रश्न मिटतो, आणि विशेषण म्हणून वापरायला तो ‘समरूपता-उकल’पेक्षा सोपाही आहे.

दुसरी गोष्ट व्याख्येची. ‘मितीय विश्लेषणातून (म्हणजे केवळ राशींच्या एककांची जुळणी पाहून) मिळणारी उकल’ अशी व्याख्या करण्याचा मोह होतो, कारण पुष्कळदा तसेच घडते. तीव्र स्फोटाचे उदाहरण घ्या. सेदोव्ह आणि टेलर यांनी स्वतंत्रपणे सोडवलेल्या या प्रश्नात आघात तरंगाची (दाबाच्या तीव्र लाटेची) त्रिज्या काळाच्या २/५ घाताने वाढते, आणि हा घातांक केवळ ऊर्जा, घनता व काळ यांच्या मितींवरून मिळतो. मात्र गुडरली यांनी १९४२ मध्ये केंद्राकडे मिटत जाणाऱ्या गोलाकार आघात तरंगाचा प्रश्न सोडवला, तेव्हा उकल स्वसमरूप निघाली तरी तिचा घातांक मितींवरून मिळेना. विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर १.४ असलेल्या वायूसाठी तो सुमारे ०.७१७ आहे. सामान्य समीकरणाची उकल एका विशिष्ट बिंदूतून सुरळीत पार व्हावी, या अटीवरूनच तो ठरतो. बारेनब्लाट आणि झेल्दोविच यांनी या दोन गटांना स्वसमरूपतेचा पहिला आणि दुसरा प्रकार म्हटले. मराठी व्याख्येत दोन्ही सामावले पाहिजेत. म्हणून ‘ज्या उकलीचे वेगवेगळ्या क्षणांचे वा ठिकाणांचे आलेख, अक्षांची मापे योग्य प्रमाणात बदलली असता, एकाच वक्रावर बसतात ती’ एवढेच म्हणावे; प्रमाण कोठून आले, हे व्याख्येत आणू नये.

प्रश्न

आरंभी पदार्थ बिंदूत नसून काही रुंदीच्या पट्ट्यात असेल, तर त्या उकलीला स्वसमरूप म्हणता येईल का?

प्रतिसाद

नाही, कारण त्या पट्ट्याची रुंदी हे प्रश्नात आलेले लांबीचे माप आहे आणि सुरुवातीचे आलेख एका वक्रावर बसत नाहीत. परंतु रुंदीच्या वर्गाला विसरणांकाने भागून जो काळ येतो, त्याच्या कितीतरी पट काळ लोटला की उकल घंटेच्या आकाराच्या अगदी जवळ जाते. अशा वेळी ‘उकल स्वसमरूप आहे’ असे न लिहिता ‘उकल दीर्घकाळानंतर स्वसमरूप रूपाकडे जाते’ असे लिहावे.