कोरोला हायब्रिड की सिव्हिक हायब्रिड?

नमस्कार मंडळी,
वर्षभर नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय. रोज ऑफिसला जाऊन-येऊन चाळीसेक मैल होतात. एप्रिलमध्ये आई-बाबा सहा महिन्यांसाठी येताहेत, त्याआधी गाडी घ्यायचीय. २०२५ ची कोरोला हायब्रिड आणि सिव्हिक हायब्रिड, या दोघींत अडकलेय. ॲव्हरेज कुणाचं चांगलं?
– एडिसनहून (न्यू जर्सी)

*

अगं, ॲव्हरेजवर डोकं शिणवू नकोस. सरकारी आकडे बघ : कोरोला गॅलनला ५० मैल, सिव्हिक ४९. वर्षाला १२,००० मैल धरले तर एकीला २४० गॅलन पेट्रोल, दुसरीला २४५. ओक ट्री रोडवर एकदा चाट खाल्लंस की फिटंफाट!
फरक आहे तो किमतीत. सिव्हिक साधारण ५,००० डॉलरनी महाग, वर आपल्या न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के सेल्स टॅक्स, म्हणजे अजून ३३१. त्या पैशांत जोर मिळतो हे खरं : २०० हॉर्सपॉवर, कोरोलाला १३८. पार्कवे हायवेला लागताना कोरोला जरा कण्हते. पण बर्फात चारही चाकं ओढणारी हवी असेल तर ती कोरोला हायब्रिडमध्येच मिळते. मी असतो तर कोरोला घेतली असती.
आणि किंमत टॅक्स-फीसकट ईमेलवर लेखी मागव. आमच्याकडून एका डीलरने टायरमधल्या नायट्रोजनचे १९९ डॉलर घेतले होते. हवेचे!
– काका, पिस्कॅटवे

*

काका, सगळं पुढच्या सीटवर बसूनच सांगितलंत! मागे पाय ठेवायला कोरोलात ३४.८ इंच, सिव्हिकमध्ये ३७.४. कागदावर अडीच इंच, पण सासूबाईंच्या गुडघ्यांना विचारा. आमच्या जुन्या गाडीत त्या आधी दाराकडे पाठ करून बसायच्या, मग एकेक पाय हातांनी उचलून आत घ्यायच्या आणि दुसरा पाय हमखास पुढच्या सीटला घासायचा. शोरूममध्ये पुढची सीट तुझ्या मापाने लाव, मग मागे बसून बघ. दोन्ही गाड्या बुटक्याच आहेत हेही लक्षात ठेव.
डिकी कोरोलाची १३.१ घनफूट, सिव्हिकची १४.८. पण दोघांच्या २३-२३ किलोच्या चार बॅगा कुठल्याच डिकीत मावणार नाहीत. नुवार्क विमानतळावर जाताना काकांची मिनिव्हॅन माग.
– ताई, प्रिन्सटन

*

ताई, शनिवारी दोन्हीकडे मागे बसून आले. कोरोलात माझेच गुडघे सीटला टेकले, आणि आमच्या बाबांची उंची सहा फूट. सिव्हिक घेतेय. पैसे जास्त जाताहेत, काका, कळतंय मला. टॅक्स-फीसकट आकडा लेखी मागवलाय, नायट्रोजन काढायला लावला.
बाबांना फोनवर सगळं सविस्तर सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ॲव्हरेज किती देते?"
काका, बारा एप्रिलला व्हॅन मोकळी आहे का?