"पेशंटबरोबर कोण आहे?" – हॉस्पिटलातल्या मुक्कामाचे अनुभव

गेल्या महिन्यात वडिलांच्या खुब्याच्या ऑपरेशनसाठी अकरा दिवस हॉस्पिटलात काढले. ऑपरेशन उत्तम झालं, डॉक्टरांबद्दल तक्रार नाही. पण दर दोन तासांनी वॉर्डच्या दारातून "अठरा नंबर, पेशंटबरोबर कोण आहे?" अशी हाक यायची आणि मी चप्पल शोधत धावायचो. औषधं आणा, फाइल खाली न्या, सही करा. अकरा दिवसांत उपचारांबद्दल काही शिकलो नाही. पास कुठे मिळतो, कुठली लिफ्ट पेशंटची, कुठल्या खिडकीवर माणूस नीट बोलतो, हे मात्र पाठ झालं. आणि यातलं एकही पाटीवर लिहिलेलं नव्हतं.

तर उपचार, निदान वगैरे बाजूला ठेवून बाकीचं खाली प्रतिसादांत सांगा. गेट, पास, रांग, झोपायची जागा, जेवण, बिल. वाईट अनुभव असेल तर हॉस्पिटलचं नाव नको, चांगला असेल तर जरूर लिहा.

सीनाकाठ

2017 साली आईला घेऊन सोलापूरहून परळला टाटा हॉस्पिटलमध्ये गेलो. फाइल निघाली, तपासण्यांच्या तारखा मिळाल्या, त्या आठ दिवसांवर पसरलेल्या. आईला ॲडमिट करायची गरज नव्हती, म्हणजे बेड नाही. मुंबईत ओळखीचं कुणी नाही. पहिली रात्र फुटपाथवर काढली, आजूबाजूला बिहार-बंगालची माणसं फाइल उशाला घेऊन झोपलेली. सकाळी शेजारच्या माणसानं विचारलं, "सोशल वर्करला भेटलात का?" आम्हाला वाटलं होतं, ते फक्त पैसे नसणाऱ्यांसाठी असतं. त्या विभागातल्या ताईंनी दादरच्या गाडगे महाराज मिशनच्या धर्मशाळेबद्दल सांगितलं, परळच्या नाना पालकर स्मृती समितीचाही पत्ता दिला. दादरला जागा मिळाली. आईनं खोलीत पिशवी ठेवली आणि पहिल्यांदा म्हणाली, "आता चहा घेऊ." गाडगेबाबांचे फोटो शाळेत पाहिले होते, खराटा हातात असलेले. त्यांच्या नावाच्या छपराखाली राहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

भोरकर

पुण्यात काकांना मोठ्या धर्मादाय हॉस्पिटलात नेलं. डिपॉझिट मागितलं, अंगठी मोडून भरलं. चौथ्या दिवशी फरशी पुसणाऱ्या मावशी म्हणाल्या, "रेशनकार्ड हाय का? मग खालच्या मजल्यावर जा की." खाली, स्टोअरच्या मागं, समाजसेवा अधिकाऱ्यांची खोली!

मग सगळं कळलं. धर्मादाय हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. हायकोर्टानं मंजूर केलेली 2006 ची योजना आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 1,80,000 पर्यंत असेल तर निर्धन, 3,60,000 पर्यंत असेल तर दुर्बल. काका दुसऱ्यात बसले. तहसीलदाराचा दाखला आणायला एक दिवस गेला, बिल बरंच खाली आलं. फलक होता म्हणे. होता खरा, कुंडीच्या मागं.

दुपारचा चहा

व्हीलचेअर हवी तर आधार कार्ड गहाण. आणि व्हीलचेअर सापडली तर एक चाक डावीकडे ओढणार. बस, एवढंच.

तिलारीकाठची

आमच्याकडे सिंधुदुर्गात गंभीर काही झालं की गोव्याला, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात. घरात हॉस्पिटल म्हणत नाहीत, गावाचं नाव घेतात: "बांबोळीक घेऊन जावा." मुंबईपेक्षा ते किती जवळ, हे नकाशा बघितला तर कळेल. 2018 मध्ये गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झालं तेव्हा दोडामार्गात आंदोलन झालं होतं. माझ्या बाबांच्या वेळी योजनेचे कागद कुठे द्यायचे तेच समजेना. शेवटी वॉर्डातल्या कोंकणी बोलणाऱ्या सिस्टरनी खिडकीपर्यंत सोबत येऊन दाखवलं. पाच मिनिटांचं काम, पण ती पाच मिनिटं त्यांच्या जेवणाच्या सुट्टीतली होती.

एडिसनची सून

इथे न्यू जर्सीत सासूबाईंना आमच्या गावातल्या छोट्या कम्युनिटी हॉस्पिटलात ठेवलं होतं. दारात ओळखपत्र बघून फोटोचा स्टिकर छातीवर चिकटवतात. माहितीच्या टेबलावर सत्तरी ओलांडलेल्या स्वयंसेवक आजी, त्या लिफ्टपर्यंत सोडायला येतात. ते सगळं छान. गंमत पुढे.

नर्सनं विचारलं, शून्य ते दहात दुखणं किती? सासूबाई म्हणाल्या, "बरंय हो." परत विचारलं. "अगं, तिला सांग, परीक्षा झाली माझी 1968 ला." माझा मुलगा भाषांतर करायला बसला. "छातीत धडधडतंय" याचं त्यानं "छातीत दुखतंय" केलं आणि धावपळ उडाली. ईसीजी झाला, रक्त घेतलं. मग नर्स मला बाजूला घेऊन म्हणाली की दुभाषा मागणं तुमचा हक्क आहे, पैसे पडत नाहीत, आणि घरच्यांनी, त्यातून मुलांनी हे काम करू नये. चाकांच्या खांबावर लावलेला स्क्रीन आला. त्यावर आधी हिंदी बोलणारे गृहस्थ आले. सासूबाईंनी तोंड फिरवलं. दुसऱ्या फेरीत फोनवर मराठी बाई मिळाल्या. त्यांनी आकडा विचारलाच नाही. "आजी, कळ येते, ठणकतं, की चमक मारते?" सासूबाई उठून बसल्या. वीस मिनिटं बोलत होत्या, गुडघ्यापासून मुळव्याधीपर्यंत. मला पंधरा वर्षांत यातलं निम्मं माहीत नव्हतं.

रात्रपाळी

मी या बाजूची, सरकारी वॉर्डात सिस्टर. पासवरून रोज शिव्या खाते म्हणून लिहिते. रात्री चाळीस पेशंट आणि आम्ही दोघी. "पेशंटबरोबर कोण आहे" ही हाक आम्हालाही आवडत नाही. पण नमुना लॅबमध्ये न्यायचा असतो, रक्तपेढीत जायचं असतं, कूस बदलायला दुसरा हात लागतो. मामा, म्हणजे वॉर्डबॉय, एकच असतो आणि तो दुसऱ्या मजल्यावर. नातेवाईक नसेल तर वॉर्ड चालत नाही, आणि एका खाटेभोवती सहा असतील तरीही चालत नाही. भिंतीवर 2010 च्या कायद्याची, हल्ला केल्यास शिक्षेची पाटी आहे. तिच्याखालीच उभं राहून लोक ओरडतात.

एक सांगते. बेवारस किंवा एकट्या पेशंटसाठी शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक जेवढं करतात, तेवढं मी कुठे पाहिलेलं नाही. डब्यातली अर्धी पोळी तिकडे जातेच.

भोरकर

@रात्रपाळी, पास हरवला तर दुसरा मिळतो का? काकांच्या वेळी मला वॉचमननं भर पावसात दोन तास बाहेर ठेवलं होतं.

रात्रपाळी

मिळतो. केसपेपर घेऊन नोंदणीच्या खिडकीवर जायचं. पण रात्री आठनंतर ती बंद. मग वॉचमनला वॉर्डात फोन लावायला सांगा, आम्ही नाव सांगून सोडवतो. फोन आम्ही उचलला तर.