दावण एक, खुराक एक, तरी एकच कालवड फुलतेय. वळूचा दोष का?

माणदेशी_गोठा: मदत हवीय, जरा लवकर सांगा. एचएफ (होल्स्टीन, परदेशी दुधाळ जात) क्रॉसच्या दोन कालवडी, पंधरा दिवसांच्या फरकाच्या, चारा एक खुराक एक. एक नुसती फुललीय आणि दुसरी उंच झालीय पण अंगच धरत नाही, कमरेची हाडं वर दिसतात. आणि हीच महागाच्या कांडीची (वळूच्या गोठवलेल्या वीर्याची नळी)! वळूच खराब का? आता तिसरी गाय माजावर आलीय, उद्या हीच कांडी भरू का नको?

नीराकाठ: वय? वजन? वळूचा नंबर?

माणदेशी_गोठा: १४ महिने. काट्यावर कोण नेणार. नंबर माहीत नाही, डॉक्टर भरून गेले.

दूधगंगा: सेक्स सॉर्टेड कांडी वापरा, शंभरात नव्वद कालवडीच होतात.

नीराकाठ: अहो त्यांना वाढीचं विचारायचंय. दादा, नंबर कांडीवरच छापलेला असतो, मी रिकामी कांडी तारीख घालून वहीला चिकटवतो. आणि टेप घ्या, छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग गुणिले खांद्यापासून माकडहाडापर्यंतची लांबी, भागिले ६६०, अंदाजे किलो मिळतात.

गीरप्रेमी: या एचएफच्या नादात किती पैसे घालवणार, गीर पाळा, ऊन सोसते, गोचिडाला पुरून उरते.

दूधगंगा: आणि महिन्याचा हप्ता काय गीर भरणार का? वाढ सगळी खुराकावर असते, वळूबिळू काही नाही.

नीराकाठ: असं कसं, निम्मं रक्त बापाचं. दुधाच्या आकड्यावर वळू निवडला तरी त्याच्या मुली हाडापेरानं मोठ्या निघू शकतात, त्या आधी उंच होतात, भरतात मागून.

माणदेशी_गोठा: मोजलं. फुललेली घेर ५७ लांबी ५०, म्हणजे २४६. उंच घेर ५४ लांबी ५२, २३० येतंय. मला वाटलं पन्नास किलोचा फरक असेल.

नीराकाठ: बघा, १६ किलो. पूर्ण वाढीच्या वजनाच्या साठ टक्क्यांना कालवड भरवतात. गाय ४५० ची होणार असेल तर २७०, पण ५५० ची होणार असेल तर ३३०. म्हणून उंच कालवडीला थांबायला लागेल, तिच्या जोडीदारणीबरोबर भरवू नका.

वैरण_काडी: केस राठ आहेत का, पोट सुटलंय का? जंताचं औषध कधी दिलं? एका दावणीला जोरकस जनावर दुसरीचा खुराक ओढतं, चार दिवस वेगळी बांधून बघा.

माणदेशी_गोठा: केस राठ आहेत. औषध सहा महिन्यांपूर्वी. आणि हिची आई वेताला आजारी होती, चीक जेमतेम लिटरभर मिळाला, मग महिनाभर हगवण लागली होती.

वैरण_काडी: हे पहिल्यांदा सांगायचं ना भाऊ! तीस किलोच्या वासराला तीन लिटर चीक लागतो, तोही पहिल्या काही तासांत. मग वळूला कशाला दोष देताय.

नीराकाठ: तरी नंबर काढाच. उद्या भरायची ती तिसरी गाय कोणत्या वळूची?

माणदेशी_गोठा: तीपण त्याच डॉक्टरांच्या कांडीची, साडेतीन वर्षांपूर्वीची. वळू तोच असेल का?

नीराकाठ: तोच असेल तर बाप-लेक होतील, वासरं बारकी नि कमजोर निघतात. कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबर डॉक्टरांना द्या, नोंद केली असेल तर वळू कळेल. तोवर ही कांडी नको, दुसऱ्या वळूची मागा.

माणदेशी_गोठा: सकाळीच फोन करतो. उंच कालवड आत्ताच वेगळी बांधली, पेंड टाकली तर मान वर न काढता खातेय.