प्रतिसाद: मनाली-लेह सायकलने, जिस्पा ते सरचू एका दिवसात?

जिस्पाहून थेट सरचू गाठावं का, असं वर विचारलंय. पायांत ताकद असली तरी नको. जिस्पा साधारण ३२०० मीटरवर, सरचू ४३०० च्या आसपास. ३००० मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि इथे ती एका रात्रीत हजाराने वाढते. शिवाय सरचू ही अडकण्याची जागा आहे. रात्री उंचीच्या त्रासाने डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, तर मागे बारालाचा खिंड (सुमारे ४८९० मी.), पुढे गाटा लूप्सची २१ वळणं चढून नकीला आणि मग लाचुंगला या खिंडी. खाली उतरायचं तर आधी चढावंच लागतं.

म्हणून केलाँग-जिस्पा पट्ट्यात दोन रात्री काढा, तिसरी पत्सेओला, मग बारालाचा. झिंगझिंगबारला थांबून फायदा नाही, त्याची उंची जवळपास सरचूएवढीच. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगा.

नाले सकाळी लवकर ओलांडा. दुपारी बर्फ वितळून तेच पाणी घोट्यावरून गुडघ्यापर्यंत येतं आणि तळातले गोटे दिसत नाहीत. पलीकडे गेल्यावर ब्रेक हलके दाबत पॅड कोरडे करा, मगच वेग घ्या.

उंचीवर टायर फुटेल ही भीती सोडा. मनालीहून ५००० मीटरवर गेल्यावर टायरमधला दाब (बाहेरच्या हवेच्या तुलनेत) जेमतेम ३-४ पीएसआयने वाढतो.