उबंटूत वायफायच दिसेना, दुकानात म्हणाले कार्ड बदला. चूक कुणाची?

चाटी गल्ली
घरचा धंदा टॉवेलचा. जेकार्डची (विणतानाच टॉवेलात उठणारी नक्षी) डिझाइन काढायचं आमचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, आणि मी पायथन, म्हणजे प्रोग्रामिंग, शिकायलोय ते उबंटूवर, म्हणजे लिनक्सवर. म्हणून एकाच लॅपटॉपवर दोन्ही. दीड वर्ष कसलाही त्रास नाही. मागच्या आठवड्यात उबंटू उघडलं तर वरच्या कोपऱ्यातली वायफायची खूणच गायब. सेटिंग्जमध्ये गेलो तर ‘नो वायफाय अडॅप्टर फाउंड’.

एका दुकानात नेला. त्यांनी चालू केला, दोन मिनिटं बघितला आणि म्हणाले, "वायफाय कार्ड गेलंय, अठराशे लागतील, उद्या संध्याकाळी न्या." पैसे नव्हते म्हणून परत आणला. रात्री बाबांनी विंडोज उघडून इचलकरंजीच्या पार्टीला डिझाइन मेल केलं. गेलं की ओ! मेलेलं कार्ड मेल कसं पाठवतंय?

मग शोधत बसलो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, त्यात ‘फास्ट स्टार्टअप’ नावाचा प्रकार आहे. आपण शट डाउन करतो, पण विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर झोपवून ठेवला जातो, पुढच्या वेळी लवकर उठावं म्हणून. वायफाय कार्डही त्याच अर्धवट अवस्थेत राहू शकतं. मग लिनक्स येऊन हाक मारतं आणि कार्ड ओ देत नाही. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन ती टिक काढली, नीट शट डाउन केलं, वायफाय हजर. खर्च शून्य.

माझं मत स्पष्ट आहे. ‘कार्ड बदला’ म्हणायच्या आधी दुकानदारानं एवढं तपासायलाच पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?

कडक भाकरी
मला उलट वाटतं. एका म्यानात दोन तलवारी ठेवायच्या आणि म्यान फाटलं की शिंप्याला शिव्या द्यायच्या. दुकानात गेल्यावर लॅपटॉपमध्ये विंडोजपण आहे हे तुम्ही सांगितलं होतं का?

चाटी गल्ली
...नाही. चालू केला की सरळ उबंटूच उघडतं. मला वाटलं त्यांना कळेल.

कडक भाकरी
झालं मग. डॉक्टरला डावा पाय दाखवायचा आणि उजवा का नाही बघितला म्हणून भांडायचं.

होटगी रोडकर
भाकरीराव, एवढं सोपं नाही. दोन सिस्टिम आहेत हे माहीत नसलं तरी कार्ड मेलंय की झोपलंय हे उबंटूतच कळतं. टर्मिनलमध्ये (कमांडा लिहायच्या खिडकीत) ‘एलएसपीसीआय’ चालवायचं, लॅपटॉपमधल्या कार्डांची यादी येते. यादीत नेटवर्क कंट्रोलर दिसला तर लॅपटॉपला कार्ड दिसतंय, म्हणजे बहुतेक भांडण ड्रायव्हरचं, कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचं. यादीतच नसेल तर मग बायोस (लॅपटॉप चालू होतानाची मूळ सेटिंग्ज), सैल बसलेलं कार्ड नाहीतर खरंच गेलेलं कार्ड. ही पहिली फाटाफूट झाल्याशिवाय स्क्रूड्रायव्हर हातात घेऊ नये. त्यानंतर ‘आरएफकिल’, वायफाय कुठं अडवून ठेवलंय का ते सांगणारी कमांड. सॉफ्ट ब्लॉक असेल तर एका कमांडचं काम, हार्ड ब्लॉक असेल तर बाजूचं बटण किंवा एफएनची कळ बघा. आणि तिसरं ‘डीमेसेज’. ड्रायव्हर काय रडगाणं गातोय ते तिथं दिसतं.

गल्लीवाले, तुमच्याकडं काय दिसत होतं?

चाटी गल्ली
यादीत इंटेलचं कार्ड होतं. डीमेसेजमध्ये ‘आयडब्ल्यूएल वायफाय’च्या नावानं ओळी आणि शेवटी वजा ११०.

होटगी रोडकर
वजा ११० म्हणजे टाइमआउट. ड्रायव्हरनं वाट बघितली, कार्ड बोललं नाही. अजून एक खूण विचारतो. डी ड्राइव्हवरच्या फायली उबंटूतून नुसत्या वाचता येत होत्या, बदलता येत नव्हत्या, असं होतं का?

चाटी गल्ली
होय! तो वेगळाच घोळ समजून मी पेनड्राइव्हनं फायली फिरवत होतो महिनाभर.

होटगी रोडकर
एकाच दुखण्याची दोन लक्षणं. विंडोज झोपलेलं असलं की त्याच्या पार्टिशनला लिनक्स लिहायला हात लावत नाही, लावलाच तर डेटाची वाट लागेल. पुढच्या वेळी कुणालाही शंका आली तर एकच परीक्षा: विंडोजमधून शट डाउन नाही, *रीस्टार्ट* दाबायचं आणि ग्रबच्या यादीतून (चालू होताना कुठली सिस्टिम उघडायची ते विचारते ती) उबंटू निवडायचं. रीस्टार्टमध्ये गाभा झोपवला जात नाही. तेव्हा वायफाय आलं तर चोर सापडला.

शेंगाचटणी
दुसरी बाजू कुणीच मांडेना म्हणून लिहितो. सगळे विंडोजवर घसरलेत. पण झोपलेलं कार्ड गदागदा हलवून उठवणं हे लिनक्सच्या ड्रायव्हरचं काम नाही का? ‘वजा ११०’ म्हणून हात वर करायचे आणि वापरणाऱ्यानं डीमेसेज वाचायचं, हे २०-२५ वर्षं चाललंय. माझ्या आईला डीमेसेज सांगू का?

होटगी रोडकर
मुद्दा अर्धा बरोबर आहे. पण विंडोज झोपताना धरून चालतं की पुढं आपणच उठणार. मधेच दुसऱ्याच्या घरात कुणी तिसरा आला की सामान जागच्या जागी सापडत नाही. चूक नेमकी कुणाची यावर मी पैज लावणार नाही, टिक काढणं स्वस्त पडतं एवढंच.

रिपेरिंगवाला
मी स्वतः दुरुस्तीच्या धंद्यात आहे, वरचं दुकान माझं नाही. पण खरं काय ते सांगतो.

गिऱ्हाईक पैसे वस्तूचे देतं, डोक्याचे देत नाही. कार्ड बदललं, अठराशे झाले, डबा दाखवला, जुनं कार्ड हातात दिलं, की माणूस खुशीत जातो. मी तासभर बसून कारण शोधलं आणि म्हटलं, "काही नाही, एक टिक काढली, दोनशे द्या," की लगेच "टिक काढायचे दोनशे?" वर शेजारच्या गाळ्यात जाऊन सांगणार की हा लुटतो. एकदा तर एका काकांनी टिक परत लावून मागितली होती, "मग पैसे नको देऊ ना" म्हणत! तुम्ही सगळे दुकानदारानं तपासावं म्हणता. तपासायचे पैसे द्यायची सवय आधी लावा.

वर लिनक्स घेऊन येणारं गिऱ्हाईक महिन्यातून एखादं. त्याच्यासाठी कमांडा पाठ करू का?

सिद्धेश्वर पेठ
रिपेरिंगभाऊ, बोललात ते पटलं, पण म्हणून चांगलं कार्ड काढून नवं घालणं बरोबर ठरत नाही. ते चांगलं कार्ड मग कुठं जातं हेपण सांगा 😄

रिपेरिंगवाला
माझ्याकडं तरी गिऱ्हाइकाच्या हातात जातं. बाकीच्यांचं मला विचारू नका.

जुळे सोलापूर ताई
सगळं खापर फास्ट स्टार्टअपवर फोडू नका हो. माझं प्रकरण वेगळं होतं. ब्रॉडकॉमचं कार्ड, उबंटू नवीन टाकलेलं, वायफाय नाही. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट पाहिजे, इंटरनेटला ड्रायव्हर पाहिजे. आपल्याकडं नळाला पाणी यायच्या आधी टाकी धुवायला पाणी लागतं, तसलं. शेवटी भावानं सांगितलं, मोबाइल केबलनं जोड आणि यूएसबी टेदरिंग चालू कर. लगेच चाललं.

ड्रायव्हर टाकताना उबंटूनं एक पासवर्ड ठेवायला लावला. रीस्टार्ट झाल्यावर निळा स्क्रीन आला, मी घाबरून ‘कंटिन्यू बूट’ दाबलं, आणि वायफाय काही आलं नाही. सिक्युअर बूट (चालू होताना ओळखीचंच सॉफ्टवेअर आत घेणारा पहारेकरी) चालू असताना बाहेरून बांधलेल्या ड्रायव्हरची किल्ली त्याच निळ्या स्क्रीनवर ‘एनरोल’ करावी लागते, हे नंतर कळलं. मी घाई केली. ड्रायव्हर परत टाकला, किल्ली एनरोल केली, आजतागायत चालतंय.

शेंगाचटणी
एवढी कटकट कशाला? बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करायचं, विषय संपला.

होटगी रोडकर
थांबा थांबा! विंडोजवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन, चालू असेल आणि सिक्युअर बूट बंद केलं तर पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती जवळ नसेल तर वायफाय राहू द्या, डेटाच गेला. आणि ‘मी बिटलॉकर लावलंच नाही’ म्हणून निवांत राहू नका, बऱ्याच नव्या लॅपटॉपवर एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं. आधी की लिहून घ्या, मग बायोसला हात लावा.

सात रस्ता
माझं तर कार्ड खरंच गेलं होतं, तेही सांगतो. दोन्ही सिस्टिममध्ये नाही, एलएसपीसीआयमध्ये नाही. चार्जर काढून पॉवरचं बटण मिनिटभर दाबून धरलं, काही नाही. उघडलं तर कार्ड एका स्क्रूवर असतं तो स्क्रूच नव्हता. आधीच्या कुणीतरी रॅम बदलताना लावलाच नाही बहुतेक. दाबून बसवलं, दोन दिवस चाललं, मग कायमचं गेलं. नवं घातलं. म्हणजे दुकानदार नेहमीच खोटं बोलतो असंही नाही.

कडक भाकरी
मी अजून माझ्या मतावर ठाम आहे. पायथनच शिकायचंय ना? विंडोजच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरनं बनवलेल्या खोट्या कॉम्प्युटरमध्ये, उबंटू चालवा. वायफाय विंडोज सांभाळतं, आतल्या उबंटूला तारेचं नेट आहे असं वाटतं. ना ग्रब, ना ड्रायव्हर, ना टिक.

चाटी गल्ली
चार जीबी रॅम आहे ओ भाकरीराव. जेकार्डचं सॉफ्टवेअर उघडलं तरी पंखा ओरडतो. आत आणखी एक संसार मांडला तर लॅपटॉप जागचा हलणार नाही.

कडक भाकरी
मग बरोबर. चार जीबीत दोन तलवारी काय, एक सुरीपण नीट बसत नाही. रॅम घाला आधी.

चाटी गल्ली
ताजी बातमी. आज सकाळी उबंटू उघडलं, वायफाय परत गायब. म्हटलं अपडेटनं टिक परत लावली का काय. बघतो तर बाबांनीच लावली होती! जुनी हार्ड डिस्क आहे, एसएसडी नाही, टिक काढल्यापासून विंडोज उघडायला फार वेळ लागायला लागला, तर त्यांनी कारखान्यातल्या पोराकडून ‘पहिल्यासारखं’ करून घेतलं.

रिपेरिंगवाला
त्या पोराला किती दिले विचारा 😂

होटगी रोडकर
काकांना शिफ्ट दाबून धरून शट डाउन करायला शिकवा. तेवढ्यापुरतं पूर्ण बंद होतं, टिक राहू दे लागलेली.

चाटी गल्ली
बाबा शट डाउन करतात असं कोण म्हणालं? ते झाकण मिटतात नाहीतर पॉवरचं बटण दाबतात.

शेंगाचटणी
एसएसडी घ्या. अठराशे वाचलेत ना?